सासऱ्यांसाठी रस काढायचं यंत्र घ्यायचंय, कोणतं घेऊ?

उंबरठा
नमस्कार मंडळी. दोन दुकानं फिरून आले आणि डोकं आणखीच चक्रावलंय, म्हणून हा धागा.
सासरे ७४ वर्षांचे आहेत. मार्चमध्ये नवी कवळी बसवली, पण खालची नीट बसत नाही, टोचते. त्यामुळे गाजर, काकडी, सफरचंद, पेरू सगळं सुटलंय. कोशिंबिरीशिवाय जेवण न जाणारा माणूस गेले चार महिने मऊ भात आणि वरणावर आहे, ते मला बघवत नाही. सध्या मी रोज सकाळी गाजर-बीट मिक्सरमधून काढते आणि मलमलच्या कापडातून पिळते. पेलाभर रसाला पंचवीस मिनिटं जातात, हात आणि ओटा लाल होतो तो वेगळाच.
एक दुकानदार म्हणतो कोल्ड प्रेसच घ्या, बाकीच्यांत सत्त्व जळून जातं. दुसरा म्हणतो साधा ज्यूसर-मिक्सर-ग्राइंडर घ्या, एकात तिन्ही कामं. बारा हजारांपर्यंत जाऊ शकते. ओटा लहान आहे. रस सकाळी सातला लागतो आणि भांड्याच्या मावशी दहाला येतात, म्हणजे यंत्र धुणार मीच. पुण्यात राहते. रोज वापरणाऱ्यांनी खरंखरं सांगा.

दोन_वाट्या
उंबरठा, आधी दोन जातींमधला फरक सांगते, म्हणजे दुकानदाराचं बोलणं पारखता येईल.
पहिली जात फिरवून फेकणारी, सेंट्रिफ्युगल. तळाशी बारीक दातांची चकती, भोवती जाळी, आणि सगळं मिनिटाला दहा-पंधरा हजार फेऱ्यांनी फिरतं. फळ किसलं जातं, रस जाळीतून बाहेर फेकला जातो आणि चोथा मागच्या डब्यात जातो. गाजर, बीट, सफरचंद यांत झटपट काम होतं. आवाज मोठा, रसावर फेस जास्त. पालक, पुदिना, कोथिंबीर टाकली तर पानं जाळीला चिकटतात किंवा तशीच चोथ्यात जातात, थेंबभर रस मिळतो.
दुसरी जात दाबून पिळणारी. स्लो ज्यूसर, कोल्ड प्रेस या नावांनी घरगुती बाजारात जे मिळतं ते बहुतेक हेच. आत जाड स्क्रू असतो, मिनिटाला पन्नास-साठ फेऱ्या घेतो आणि फळाला जाळीवर दाबत नेतो. चोथा बराच कोरडा निघतो, पालेभाज्यांचाही रस येतो, आवाज जवळजवळ नाही. पण वेळ लागतो, फळ चिरून घालावं लागतं आणि किंमत जास्त.
आता "सत्त्व जळतं" याबद्दल. माझ्याकडे दोन्ही जाती आहेत. स्वयंपाकाचा थर्मामीटर लावून पाहिलं, तर फिरणाऱ्या यंत्रात गाजराचा रस गाजरापेक्षा तीन-चार अंशांनीच गरम निघाला. तेवढ्याने काही जळत नाही. खरा फरक हवेचा आहे. वेगाने फिरताना रसात हवा मिसळते, त्यामुळे सफरचंदाचा रस लवकर काळपट होतो आणि क जीवनसत्त्व कमी होत जातं. यावर उपाय म्हणजे काढला की लगेच पिणे. अर्धं लिंबू पिळलं तर काळवंडणंही लांबतं.
रोज काय काय काढणार ते सांग, मग नेमकं बोलता येईल.

वायंडिंगवाला
ताई, मी कोल्हापुरात मिक्सर-ज्यूसर दुरुस्त करतो, वीस वर्षं झाली. दुकानात काय येतं ते सांगतो.
फिरणाऱ्या ज्यूसरचं निम्मं दुखणं वापरण्यातलं असतं. लोक अख्खं गाजर घालतात नि दट्ट्यानं जोर लावून दाबतात. मोटरवर ताण येतो, तळाचं लाल बटण उडतं. ते बटण मोटर वाचवायलाच दिलेलं असतं. पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्यायचं नि मग दाबायचं. पण लोक लगेच दाबून पुन्हा चालू करतात, मग वायंडिंग जळतं. दुसरं म्हणजे चोथा जाळीत एका बाजूला साचतो नि यंत्र थरथरायला लागतं. थरथरलं की बंद करायचं, जाळी झटकायची नि मगच पुढं. तसंच चालवलं तर बेअरिंग जातं. जाळीला बारीक चीर दिसली तरी ती जाळी बदला, त्या वेगात तुकडा उडाला तर लागतो.
स्लो ज्यूसरमधी मोटरपेक्षा स्क्रू नि भांडं तडकतं. कडक गाजराचे मोठे तुकडे, आंब्या-आलुबुखाराच्या बाठा, बर्फ घातला की गेलंच. नि हे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, कंपनीकडूनच मागवावे लागतात. म्हणून घेण्याआधी सर्व्हिस सेंटरला स्वतः फोन लावा नि विचारा, स्क्रू, जाळी, रबरी रिंग सुटी मिळते का, केवढ्याला? मोटरची दहा वर्षं वॉरंटी लिहिलेली असते, पण मोडतं ते प्लास्टिक, नि त्याला बहुतेक ठिकाणी वॉरंटी लय कमी असते.
दिवसभर चालवायचं असेल तर ज्यूस सेंटरवाले सुजाता कंपनीचं पांढरं यंत्र ठेवतात, ९०० वॉटचं. ते दणकट आहे नि त्याचे भाग कुठंही मिळतात. पण घरच्या एका पेल्याला एवढी ताकद लागत नाही. लहान ओट्यावर ते मावायचं पण नाही.

संत्रानगरी
ताई, संत्र्या-मोसंबीसाठी मशीन घेत असाल तर थांबा. आमच्या नागपुराकडे घरोघरी हातानंच पिळतात, अन् त्याला कारण आहे.
संत्र्याची बी अन् सालीखालचा पांढरा पापुद्रा चिरडला गेला की रस कडू होतो. त्यात जे असते ते सुरुवातीला कडू लागत नाही, पण रसाच्या आंबटपणात हळूहळू त्याचं लिमोनिन बनते, अन् तेच कडू. म्हणून मोसंबीचा रस काढल्याबरोबर गोड लागतो अन् तासाभरानं प्यायला की तोंड वाकडं होते. रस चांगला पाहिजे तर मधातून आडवं कापायचं, पिळणीवर हलक्या हातानं दाबायचं, शेवटच्या थेंबासाठी साल रगडायची नाही.
दांड्याचा लोखंडी किंवा स्टीलचा हातप्रेस घ्या, वर्षानुवर्षं जाते. अन् फळ मोसमाचं घ्या. आंबिया बहाराचं संत्रं ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. मोसंबी जालन्याकडची पाहा.

उंबरठा
सगळ्यांचे मनापासून आभार. वायंडिंगवाला दादा, फोनवर सुट्या भागांचं विचारायचं हे मला सुचलंच नसतं.
दोन_वाट्या, काय काढणार ते असं: गाजर, बीट, काकडी, टोमॅटो, सफरचंद, डाळिंब, थोडा पालक. आणि दुधी. सासऱ्यांना बागेतल्या फिरायच्या ग्रुपमध्ये कुणीतरी सांगितलंय, तेव्हापासून रोज कच्च्या दुधीचा रस हवाच असतो. दुधीत आवळा, पुदिना, आलं घालून देते म्हणजे चव लागते. हो, आणि त्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. साखर बरीच आटोक्यात असते.

ताटातलं_औषध
उंबरठा, मी आहारतज्ज्ञ आहे. यंत्राचं थोडं बाजूला ठेवा आणि हे आधी वाचा.
कच्च्या दुधीचा रस इतर रसांत मिसळून कधीही देऊ नका. दुधी, काकडी, दोडका या सगळ्या कुळात कुकरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. एरवी ती नगण्य असतात, पण एखाद्या फळात खूप वाढतात आणि ते फळ कडू होतं. बाहेरून ते अगदी नेहमीसारखंच दिसतं. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिने सांगितलं ते असं: रस काढण्याआधी दुधीचा लहान तुकडा चाखा. कडू असेल तर पूर्ण टाकून द्या. दुसऱ्या रसांत मिसळू नका. प्यायल्यावर मळमळ, उलट्या, जुलाब, अस्वस्थपणा काहीही वाटलं तर लगेच रुग्णालय गाठा. या विषावर उतारा नाही, उपचार लक्षणांवरच होतात.
तुम्ही आवळा, पुदिना, आलं घालता, म्हणजे कडवटपणा कळायची एकमेव खूण झाकली जाते. कडू दुधी भाजीतही वापरू नका, शिजवल्याने तो निर्धोक होतो असं धरून चालू नये.
आता साखरेचं. चार संत्री आपण एका बैठकीत खात नाही, पण चार संत्र्यांचा रस दोन मिनिटांत पितो. चोथ्याबरोबर तंतू जातात आणि साखर पटकन रक्तात उतरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या सूचनांत फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही रसापेक्षा अख्खं फळ बरं असंच सांगतात. उसाच्या रसाच्या १०० मिलिलिटरमध्ये १३ ते १५ ग्रॅम साखर असते, हा आकडाही तिथलाच. सासऱ्यांच्या रसात गाजर-बीटापेक्षा काकडी-टोमॅटो जास्त ठेवा, सफरचंद-डाळिंब चवीपुरतं, आणि पेला लहान घ्या. किती द्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. मूत्रपिंडाची तपासणी झाली आहे ना? पालक आणि बीट यांत ऑक्सलेट हे खडे बनवणारं द्रव्य खूप असतं, मुतखड्याचा इतिहास असेल तर रोजचा पालकरस नको.

उंबरठा
वाचून हातपाय गार पडले. मागच्या महिन्यात एकदा सकाळी रस पिऊन तासाभरात त्यांना दोन-तीन उलट्या झाल्या होत्या. आम्ही पित्त समजून ताक दिलं. दुधीमुळेच झालं असं आता म्हणता येणार नाही, पण त्या दिवशी मी दुधी चाखला नव्हता. कधीच चाखला नाही. आजपासून दुधीचा रस बंद. ग्रुपातल्या बाकीच्या काकांनाही सांगायला लावते.

रातांबा
उंबरठा, वेळेवर कळलं हे देवाचं देणं समज. यात आमच्या कोकणची भर घालते. परसात बिलिंबी आणि करमळं ही आंबट फळं लगडलेली असतात, आणि आजकाल कोणीतरी कोलेस्टेरॉलवर त्यांचा रस प्या म्हणून सांगतं. त्यांतही ऑक्सलेट प्रचंड असतं. केरळात बिलिंबीचा रस प्यायल्याने माणसांची मूत्रपिंडं एकाएकी बंद पडल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय. आमच्या आजीने बिलिंबी आमटीत घातली, लोणच्यात घातली, पेला भरून कधी कोणाला दिली नाही. चिमूटभर खायच्या वस्तूचा यंत्राने पेलाभर रस निघतो, इथेच घात होतो.
कोकमाला तर यंत्रच नको. मिठातलं आगळ पाण्यात घातलं की झालं, साखरेच्या पथ्यालाही चालतं. रक्तदाब असेल तर मात्र मिठाकडे लक्ष.

हिरवा_पेला
मी तीन वर्षं रोज स्लो ज्यूसर वापरतेय, तेव्हा धुण्याचं मी सांगते. माझ्या मते निर्णय त्यावरच होतो.
माझ्या यंत्राचे धुवायचे सात भाग आहेत. चिरायला सहा-सात मिनिटं, रसाला पाच, धुवायला पाच. पण हे पाच मिनिटांचं धुणं रस काढल्याबरोबर केलं तरच. अर्ध्या तासाने गेलात तर बीटाचे तंतू जाळीच्या भोकांत वाळून बसतात आणि मग ब्रशने वीस मिनिटं घासलं तरी निघत नाहीत. शेवटचा घोट निघाला की मी यंत्र चालू ठेवूनच वरून पेलाभर पाणी ओतते, निम्मी सफाई तिथेच होते. मग सगळे भाग पाण्यात बुडवायचे आणि रस प्यायला बसायचं. जाळी उजेडापुढे धरून बघायची, भोकं मोकळी दिसली पाहिजेत. चोथा बाहेर पडतो त्या तोंडाची रबरी गुडदी उघडून आतून धुवायची, कारण तिथे चोथा राहिला की दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो.
चिरण्याचंही आहे. गाजराच्या बोटभर फोडी. पालकाचे देठ, आलं, सेलरी यांचे लांब दोरे स्क्रूभोवती गुंडाळतात, म्हणून ते बोटाच्या पेराएवढेच कापायचे. पानं एकदम नाही, दोन गाजरांच्या फोडींमध्ये थोडी थोडी. केळं, चिकू, सीताफळ, पिकलेला आंबा, पपई यांचा रस निघत नाही, लगदा होऊन यंत्र तुंबतं. त्यांना मिक्सरच.
डाळिंब मात्र यात सुरेख निघतं. फिरणाऱ्या यंत्रात दाण्यातली बी चिरडून रस तुरट होतो, इथे बी बरीचशी अख्खी बाहेर येते.
एकदा घरी मोजलं होतं. एकाच पिशवीतली किलोभर गाजरं स्लो ज्यूसरमध्ये साडेपाचशे मिलिलिटरच्या आसपास, बहिणीच्या फिरणाऱ्या यंत्रात सव्वाचारशे. गाजरात एवढाच फरक. पालकात फरक दुपटीहून जास्त. तेव्हा पालेभाजी नसेल तर महागाचं यंत्र घ्यायची गरज नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

परसातली
अमेरिकेतून कुणी येतंय म्हणून तिथून मागवायचा विचार असेल तर करू नका. मी न्यू जर्सीहून आईसाठी कोरियन कंपनीचा ज्यूसर आणला. तिथली वीज १२० व्होल्ट, आपली २३०. पाठीवरची पट्टी न वाचता लावला आणि पहिल्याच मिनिटाला जळका वास. चूक माझीच होती. ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतं, पण तो आणखी एक जड डबा ओट्यावर. कुविंग्ज, ह्युरोम या दोन्ही कोरियन कंपन्यांची २३० व्होल्टची यंत्रं भारतात मिळतात, पण तुमच्या बारा हजारांच्या वर जातील. आता त्याच पद्धतीची भारतीय यंत्रं बरीच आली आहेत, ती बघा.

चुलीपाशी
सूनबाई, मी ६८ वर्षांची आहे आणि माझीही कवळी आहे, म्हणून लिहिते. तुझ्या सासऱ्यांची अडचण चावण्याची आहे. रस हा त्यावरचा एक उपाय झाला, पण त्यात पोटाला लागणारा चोथा जातो आणि म्हाताऱ्या माणसाला तोच हवा असतो. आधी त्यांना दंतवैद्याकडे परत घेऊन जा. कवळी टोचते ती सहन करायची नसते, आतून नवा थर देऊन बसवून देतात. माझी दोनदा बसवून घेतली तेव्हा कुठे भाकरी जमली.
तोवर गाजर-दुधी-टोमॅटो कुकरमध्ये एक शिट्टी काढून मिक्सरमधून फिरव, वर जिऱ्याची फोडणी दे, सार म्हणून वाटीभर पितील. चोथ्यासकट. बीट उकडून किसायचं, दह्यात कालवायचं, कवळीखालीही मऊ लागतं. पेरू शिजवून, बिया गाळून, मीठ-तिखट-गूळ घालून पंचामृतासारखा कर. कोशिंबिरीची चव हवी असते गं त्यांना, पेल्याने ती भागत नाही.
आणि यंत्र घेतलंस तर चोथा टाकू नकोस. गाजर-बीटाचा चोथा थालीपिठाच्या भाजणीत मळ, पाणी कमी लागतं, एवढंच लक्षात ठेव.

उंबरठा
चुलीपाशी काकू, तुमचं लिहिणं सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. "कोशिंबिरीची चव हवी असते" याला ते नुसते मान हलवत राहिले. शनिवारी दंतवैद्याकडे जातोय.
हिरवा_पेला, तुझं धुण्याचं वर्णन छापून फ्रिजवर लावलंय.

वायंडिंगवाला
शक्य असेल तर कुणाचं तरी आठवडाभर वापरायला आणा नि मग घ्या. माझ्याकडं दोन वर्षं माळ्यावर पडलेली कोरी यंत्रं विकायला येतात, चालू आहेत का बघा म्हणून. सगळ्यांचं कारण एकच, धुवायचा कंटाळा.

उंबरठा
तीन आठवड्यांनी लिहितेय.
खालची कवळी डॉक्टरांनी आतून थर देऊन नीट केली. पहिले चार दिवस कुरकूर होती, आता काकडीची कोचवलेली कोशिंबीर खातात. ज्या दिवशी पहिल्यांदा खाल्ली त्या दिवशी दोनदा वाढून घेतली. काकडीही आधी चाखते, सवयच लागली.
वायंडिंगवाला दादांचं ऐकून नणंदेचा स्लो ज्यूसर आठ दिवस आणला. मला वाटलं होतं मीच कंटाळेन. झालं असं की तिसऱ्या दिवसापासून सासरेच साडेसहाला उठून गाजरं चिरायला बसले. बोटभर फोडी, सगळ्या सारख्या. रस काढतात, जाळी खिडकीत उजेडापुढे धरतात, मला हाक मारून दाखवतात. निवृत्तीनंतर स्वयंपाकघरात त्यांचं स्वतःचं असं काम पहिल्यांदाच आलं. म्हणून पालक जवळजवळ वगळूनही तोच प्रकार घेतला. फिरणाऱ्या यंत्राचा आवाज आणि थरथर त्यांच्या हातांना झेपली नसती, आणि हे २०० वॉटचं यंत्र इन्व्हर्टरवरही चालतं. भारतीय कंपनीचं, साडेदहा हजारांना. घेण्याआधी फोन लावला. जाळी आणि रिंग सुटी मिळते, स्क्रू मागवला तर पुण्यात आठ दिवसांत येतो.
संत्र्यासाठी स्टीलचा हातप्रेस वेगळा आणलाय. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी लहान पेला, दीडशे मिलिलिटर, तोही नाश्त्याबरोबर आणि आठवड्यातून चार दिवस असं सांगितलंय. काकडी-टोमॅटो जास्त, गाजर एक, आवळा अर्धा. बाकीचे तीन दिवस काकूंचं सार.
एकच विचारायचंय. रबरी रिंगला आल्याचा वास बसलाय, साबणाने जात नाही. काय करू?

हिरवा_पेला
कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून रात्रभर बुडवून ठेव, सकाळी धुऊन सावलीत वाळव. उन्हात नको, रबर कडक होतं. आणि एक जादा रिंग आत्ताच मागवून ठेव.

चुलीपाशी
त्यांना म्हणावं, चोथ्याच्या थालीपिठाचा पहिला घास कसा लागला ते इथे कळवा.